मी संत्र्याचं झाड नाही

मित्रांनो, मी एक जुनं माशीखाऊ झाड आहे. जुनं म्हटल्यावर वडाबिडाचं काही डोळ्यांपुढं आणू नका. मी चहाच्या बशीत मावतो. सध्या तर माझं जे उरलं आहे ते लसणाच्या पाकळीएवढं आहे आणि त्यातलंही अर्धं तपकिरी पडलं आहे. पण आमच्या जातीच्या हिशोबानं या मुलखात मी म्हाताराच. माझ्याबरोबर एकाच खोक्यातून आलेले माझे भाऊबंद पहिल्याच हिवाळ्यात गेले. त्यांना कुणा वैऱ्यानं मारलं नाही. ज्यांनी हौसेनं मागवलं, त्यांनीच मारलं. मीही जवळजवळ तसाच मेलो. ते कसं, हे सांगायला बसलो आहे, आणि गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म मातीत झाला नाही. पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत, पांढऱ्या जेलीत झाला. एका झाडाचा तुकडा कापायचा, जेलीत रोवायचा, बाटलीचं तोंड बंद करायचं. अशा शेकडो बाटल्या रांगेनं ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या. आभाळ कसं असतं ते मला खोक्यात बसेपर्यंत माहीत नव्हतं. खोक्यावर माझं रंगीत चित्र होतं आणि खाली छापलं होतं, 'घरातल्या माश्या-डास फस्त!' ही शुद्ध थाप आहे. मला एक माशी पचवायला आठवडा लागतो. डास घालवायचे असतील तर मच्छरदाणी घ्या, माझ्या जिवावर उठू नका.

आमच्या पूर्वजांचा मुलूख समुद्रापार, दलदलीचा. तिथल्या मातीत खाण्यासारखं काहीच नाही, म्हणून आम्ही माश्या धरायला शिकलो. पानाच्या टोकाला जबडा, जबड्यात बारीक केस. केसाला एकदा काही लागलं तर मी गप्प राहतो, पावसाचा थेंबही असू शकतो. लगोलग दुसऱ्यांदा लागलं की मिटतो. पण हे मिटणं मला फुकट पडत नाही. एक जबडा मोजक्याच वेळा मिटतो आणि मग ते पान वाळतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला मागवलं हिमानीनं. ती पांढुर्ण्याच्या कॉलेजात बीएस्सी करत होती. तिच्या दोन मैत्रिणींनीही एकेक मागवलं. एकीनं तिच्या झाडाला रोज बोरचं पाणी घातलं. आमच्या भागातलं बोरचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुनाच, बादलीच्या कडांना पांढरा थर धरतो. तोच थर त्याच्या मुळांवर धरला. दुसरीनं तिचं झाड फ्रिजवर ठेवलं, शोभेला. ते उष्णतेनं आणि अंधारानं गेलं. राहिलो मी.

माझा पहिला हिवाळा टीव्हीशेजारी गेला. हिमानीची आई, विजयमाला, मोठी मायाळू बाई. दिवाळीनंतर गच्चीवर गार वारं सुटलं तशी ती म्हणाली, "अवं हिमानी, थंडीनं मरन थे. आत घे त्याले." मला आत घेतलं. रात्री वरून जुन्या शालीचा तुकडा घातला. स्वयंपाकघरातली ऊब, दिव्यांचा उजेड, टीव्हीवरच्या मालिका. तिची माया खरी होती. पण त्या मायेनं मला झोपू दिलं नाही.

मित्रांनो, मला हिवाळ्यात झोप लागते. दिवस लहान झाले, पहाट गार झाली की माझी पानं काळी पडतात, जबडे ढिले होतात, मी जमिनीलगत बसतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, मेलं. खाली माझा कंद जिवंत असतो. आपल्याकडचा हिवाळा तसा काही फार मोठा नाही, पांढुर्ण्यात दुपारी स्वेटर काढून ठेवावं लागतं. पण गच्चीवरची पहाटेची थंडी मला पुरते. त्या झोपेत खायला लागत नाही, लाड लागत नाहीत. फक्त मुळाशी ओल लागते. ओल गेली की झोपेतल्या झोपेत संपलो. माणसंही दोन रात्री जागली की चिडचिडी होतात. मी एक अख्खा हिवाळा जागलो. फेब्रुवारीत मला पानं आली ती सुतळीसारखी, जबडे मुगाच्या डाळीएवढे.

हिमानी घाबरली. मग फोनवर वाचून वाचून तिनं शोधून काढलं, कुठं चुकलं ते. त्यानंतर तिनं मला ओल धरणाऱ्या मऊ शेवाळात लावलं, गच्चीवर ठेवलं, खाली ताटली ठेवली आणि ताटलीत पावसाचं पाणी. पावसाचं संपलं की मंगेशच्या दुकानातून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणायची. त्यात क्षार नसतात. एक दिवस हसत हसत वर आली आणि मलाच सांगू लागली, "मंगेशकाका म्हणे, 'काय व, तुमच्या घरी इन्व्हर्टर तरी किती आहेत?' म्या म्हटलं, 'एकच आहे, बाकीचं झाड पिते.' तर म्हणे, 'मंग एकदा चार्ज केलं की किती वेळ चालते थे?'"

दुसरा हिवाळा मी गच्चीवर झोपलो. पानं काळी पडली तेव्हा विजयमाला दोनदा मला कचऱ्यात टाकायला निघाली. दोन्ही वेळा हिमानी आडवी आली. "मेलं नाही आई, झोपलं आहे." फेब्रुवारीत माझ्या मधोमध हिरवा कोंब आला तेव्हा विजयमालानं कपाळाला हात लावला. "बाप्पा! हे तं कुंभकर्णाचं निघालं."

मग माझे चांगले दिवस आले, आणि चांगल्या दिवसांत माणसं काय करतात तेही मी पाहिलं. हिमानीचे वडील रवींद्र सरकारी शाळेत मास्तर. त्यांनी मला विज्ञान प्रदर्शनात नेलं. टेबलावर पांढरी चादर, माझ्यापुढं पाटी, 'हात लावू नये'. मित्रांनो, तुमच्यासारख्याच शहाण्या मुलांनी माझ्या जबड्यांत पेन्सिली घातल्या, बोटं घातली, खडूचे तुकडे घातले. प्रमुख पाहुण्यांनी खोबऱ्याची वडी घातली आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, मधोमध पाहुणे, कोपऱ्यात मी. त्या आठवड्यात माझी सगळी पानं वाळली. वाळलेल्या पानांचा फोटो कुणी काढला नाही.

आता ज्यांच्यामुळं हे सगळं सांगतो आहे, त्यांच्याकडं येतो.

केशवराव म्हणजे हिमानीचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणतात. सौंसरच्या पुढं मोहगावला त्यांचा संत्र्याचा बगीचा. आबांना झाडातलं कळतं, हे मीही मान्य करतो. आजूबाजूच्या गावचे लोक त्यांना झाड दाखवायला नेतात. ते खोडाला नख लावतात, साल हुंगतात, आणि सांगतात की हे झाड पुढच्या वर्षी राहील की जाईल. बहुतेक वेळा तसंच होतं. त्यामुळं घरात असं झालं होतं की झाडाच्या बाबतीत आबांच्या पुढं कुणी बोलत नाही. मग हळूहळू बाकीच्या बाबतीतही कुणी बोलेनासं झालं.

त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पांढुर्ण्याच्या गच्चीवर. चष्मा वर करून वाकले.

"हे माशी खाते?"

"हाव आबा."

"आन देते काय?"

"काही नाही देत."

"खाते आन देत काही नाही. मंग याले सरकारी नोकरीत लावून द्या ना."

हिमानी खदखदून हसली. रवींद्र मास्तर आपल्या चपलेकडं पाहत राहिले.

हिमानीला नागपूरला एमएस्सी करायची होती. रवींद्र नको म्हणत होते, पोरगी एकटी कशी राहील, आता स्थळं पाहायची वेळ आहे, वगैरे. आबा आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "जाऊ दे तिले. मी सांगून राहिलो ना." संपलं. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. त्या एका वाक्यानं हिमानीला नागपूर मिळालं. आणि तेच वाक्य पुढं तिच्या तोंडावर कुलूप होऊन बसलं. तेव्हा हे ना तिला कळलं, ना मला.

हॉस्टेलवर मला नेता येईना, तिथं ऊन नव्हतं. विजयमालाला गच्चीचे जिने चढवत नव्हते, आणि तिला माझी जरा भीतीही वाटे. तेव्हा आबा म्हणाले, "आण माह्याकडं. येवढा बगीचा सांभाळतो, याचं काय घेऊन बसली."

निघताना हिमानी म्हणाली, "आबा, याले बोरचं पाणी नका देऊ. पावसाचंच द्या."

"आता तू मले पाणी द्याले शिकवते?" आबा हसले. तीही हसली. हिवाळ्याचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणण्यापेक्षा, त्या हसण्यानंतर तिला सांगवलं नाही.

मित्रांनो, मोहगावचा तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ होता. म्हणूनच पुढचं सांगताना मला जास्त जळतं. आबांनी मला ओसरीच्या कडेला, त्यांच्या खाटेशेजारी ठेवलं. ओसरीच्या पत्र्यावरून पाणी थेट माझ्या ताटलीत पडे. गोठा जवळ, त्यामुळं माश्यांना तोटा नाही. माझे जबडे आतून लालभडक झाले. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुपारी ते खाटेवर पडून माझ्याशी बोलत. एखादी माशी माझ्या ओठावर चालू लागली की श्वास धरून पाहत. मी मिटलो की मांडीवर थाप मारत, "वा रे पठ्ठे! दाबला!" कुणी आलं की आधी मला दाखवत, मग पाणी विचारत. बोट मात्र त्यांनी एकदाही घातलं नाही. त्या माणसाच्या हातात झाडाबद्दल आदर होता. मला त्यांनी रागानं मारलं असतं तर मी इतका चिडलो नसतो.

थंडी आली. दिवस आखडले. माझी पानं काळी पडू लागली. कोणीही 'मेलं' म्हणालं असतं, पण आबांनी एका नजरेत ओळखलं. "आला बाप्पा, झोपेले आला." किती बरोबर ओळखलं! मला वाटलं, इथं आपलं निभावलं.

पण आबांना झोप म्हटली की एकच झोप ठाऊक होती, संत्र्याची. आमच्या भागात आंबिया बहारासाठी, फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याला ताण देतात. म्हणजे हिवाळ्यात झाडाचं पाणी साफ बंद करायचं. जमीन भेगाळते, पानं मलूल होतात, काही गळतात. झाडाची वाढ थांबते, ते आत शक्ती धरून बसतं. मग जानेवारीत ताण तोडायचा. आळं खणायचं, शेणखत द्यायचं, भरपूर पाणी सोडायचं. झाड अंगभर फुलतं. किती दिवस पाणी बंद ठेवायचं, कधी सोडायचं, यातच कसब असतं, आणि आबांचा हात त्यात कधी चुकला नाही.

एका सकाळी त्यांनी माझ्याखालची ताटली काढून घेतली. पुसली आणि कोनाड्यात पालथी घातली.

त्यानंतर मला पाण्याचा थेंब मिळाला नाही. आबा रोज येत, माझ्या शेवाळावर बोट ठेवत, कोरडं लागलं की समाधानानं मान हलवत. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. झाडांना तोंड नसतं. मला जबडे आहेत, पण तेही ओरडायचे नाहीत.

आबांनी खाटेवर बसून हिमानीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असे, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पोरी, तुह्या झाडाले ताण देल्ला आहे. फेब्रुवारीत पाह्य कसं फुटते."

तिकडून ती म्हणाली, "पाणी... पूर्ण बंद केलं का आबा?"

"मंग? अर्धा ताण देते का कोणी?"

"नाही, तसं नाही... बरं आबा."

'बरं आबा.' हे दोन शब्द मी ऐकले. त्या पोरीला माहीत होतं. सगळ्या मोहगावात, सौंसरात, पांढुर्ण्यात एकाच माणसाला माहीत होतं की पाणी बंद केलं तर मी मरेन, आणि ती म्हणाली, बरं आबा.

संक्रांतीला ती आली. नागपूरहून सौंसरची बस, तिथून मोहगाव. रवींद्र आणि विजयमाला आदल्या दिवशीच आले होते. हिमानी ओसरीवर चढली, सॅक खाली टाकली आणि सरळ माझ्याकडं आली. शेवाळ आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलं होतं. तिनं त्यात बोट घातलं. पार आत घातलं. बोट कोरडं बाहेर आलं, वर थोडा भुसा. ती ते बोट पाहत राहिली.

"बरी वेळेवर आली," आबा घमेलं घेऊन आले. "बगीच्यातला ताण आजच तोडला. आता याचाही तोडतो. म्हटलं तुह्या समोरच तोडू."

घमेल्यात चाळलेलं शेणखत होतं. माझ्यासाठी त्यांनी ते हातानं चुरून मऊ केलं होतं. शेजारी बादलीत बोरचं पाणी. पावसाचं पाणी कधीच संपलं होतं.

मित्रांनो, खत हे माझ्यासाठी विष आहे. मी वर सांगितलंच, आम्ही उपाशी मातीतली जात. हिमानीला हे पाठ होतं. तिचं तोंड उघडलं.

"आबा, ते..."

"काय?"

विजयमालानं मागून तिचा कुर्ता ओढला. अगदी हळू. मला दिसलं. आबांच्या डोळ्यांत लहान मुलासारखा आनंद होता, तोही मला दिसला. तिलाही दिसला असणार.

"काही नाही आबा," ती म्हणाली. "छान सांभाळलं तुम्ही."

आबांनी बोटांनी माझ्याभोवती आळं केलं, खत दाबलं, वरून पाणी सोडलं. मग सगळे हात धुऊन आत गेले आणि एकमेकांना तिळगूळ देऊ लागले. गोड बोला म्हणाले. गोडच तर बोलली होती ती.

काय झालं ते थोडक्यात सांगतो. कोरड्या मुळांवर खत गेलं, मुळं जळली. बोरच्या पाण्याचा चुना वर बसला. कंद बाहेरून आत सडत गेला. आबांनी पाहिलं की कोंब येत नाही, तर आणखी पाणी घातलं. माझ्यातून वास येऊ लागला.

फेब्रुवारीत संत्री फुलली. सगळा बगीचा पांढरा, ओसरीपर्यंत सुगंध. येणारे-जाणारे म्हणत, "आबा, यंदा तं बहार लय जमला!" आबा हसत, आणि ते गेले की माझ्याकडं पाहत. एकदा त्यांनी माझ्या काळ्या देठाला नख लावलं, नख नाकाशी नेलं आणि तसेच उभे राहिले. त्या नखानं त्यांना आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचलून गोठ्यामागं ठेवलं, जुन्या टोपल्यांच्या आड. मी मेलो म्हणून फेकलं नाही, आणि मी मेलो हे कुणाला दिसूही दिलं नाही. फोनचा स्पीकर गोठ्यामागंही ऐकू येई. हिमानीनं विचारलं तर म्हणायचे, "आहे ना, आहे." आणि ती पुढं विचारायची नाही. दोघांनाही माहीत होतं. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होते, आणि मी टोपल्यांमागं सडत होतो.

होळीला सगळे पुन्हा जमले. हिमानी ओसरीवर आली, खाटेशेजारची जागा रिकामी.

"आबा, माह्यं झाड?"

आबा उठले. गोठ्यामागं गेले, मला दोन्ही हातांनी धरून घेऊन आले आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. "गेलं पोरी," म्हणाले. "कुठं चुकलं, समजून नाही राहिलं. ताण बराबर बसला होता. म्या सोताच्या हातानं..."

हिमानीनं कुंडी पालथी केली. काळा, घाण वासाचा लगदा बाहेर आला. तिनं सॅकमधून बॅटरीच्या पाण्याची बाटली काढली. म्हणजे ती बरोबर घेऊन आली होती. म्हणजे तिला काय सापडणार हे तिला माहीत होतं. तिनं मला धुतलं. सडका भाग हाताला लागताच गळून पडला. एकेक थर जात गेला आणि शेवटी तिच्या बोटांत लसणाच्या पाकळीएवढा तुकडा राहिला. एका बाजूनं पांढरा. टणक.

आबा वाकून पाहत होते. ते तुकड्याकडं पाहत नव्हते, बाटलीकडं पाहत होते.

"हे पाणी तू आज काऊन आणलं?"

हिमानीनं बाटली मागं सारली.

"संक्रांतीले तू बोट घातलं होतं कुंडीत. म्या पाह्यलं होतं. तुले माहीत होतं?"

"हाव आबा."

"खताचंही?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्हाले कोन सांगन आबा?"

"हिमानी!" विजयमाला ओरडली.

"बोलू दे तिले," आबा म्हणाले.

हिमानी रडत नव्हती. मला तळहातावर धरून तशीच बसून होती, हातातून पाणी गळत होतं. आबा खाटेवर टेकले. मग त्यांनी मान वर केली. आधी मुलाकडं पाहिलं, मग सुनेकडं, मग दारात उभ्या असलेल्या गड्याकडं, हिरामणकडं.

"आनखीन काय काय सांगतलं नाही मले तुम्ही?"

मित्रांनो, मी बिनडोळ्यांचं झाड, पण मला ते दिसलं. रवींद्र मास्तर अंगणाकडं पाहू लागले. विजयमालानं पदर नीट केला. हिरामण विहिरीकडच्या रांगेकडं एकदा पाहून झटकन वळला. त्या रांगेतल्या झाडांच्या खोडातून डिंक वाहत होता, म्हणजे झाडं आतून रोगानं सडू लागली होती. मी पावसाळ्यापासून त्याला त्यावर चिखल थापताना ऐकत होतो, आबांना दिसू नये म्हणून. प्रत्येकाजवळ काहीतरी होतं. कुणी तोंड उघडलं नाही.

आबांनी सगळ्यांकडं पाहून घेतलं आणि हळूच मान हलवली, जशी ते वाळलेलं झाड पाहून हलवतात.

हिमानीनं मला दह्याच्या रिकाम्या डब्यात, ताज्या शेवाळात लावलं. सगळ्यांना वाटलं, ती मला घेऊन जाईल. तिनं मला पुन्हा खाटेशेजारी ठेवलं.

"तुमच्याकडंच राहू द्या आबा. पण मी सांगीन तसं करा."

"सांग," आबा म्हणाले.

तिनं सांगितलं. पहिल्यांदा चाचरत, मग सरळ. खत नाही. बोर नाही. ताटलीत कायम पाणी, बोटाच्या एका पेराइतकं. हिवाळ्यात झोपलो तरी ओल सोडायची नाही. आबा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "हळू सांग, पुन्यांदा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. त्या ओसरीवर एवढा वेळ आबांना कुणी काही सांगत बसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तर मित्रांनो, मी इथं आहे. मोहगावला, ओसरीच्या कडेला, दह्याच्या डब्यात. आता उन्हाळा लागला आहे. वर हिरवी जाळी बांधली आहे, तरी दुपारी हवा तव्यासारखी तापते. माझ्या पांढऱ्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं एक पान आलं आहे. त्याला जबडा अजून नाही. एवढ्याशा पानावर या उन्हाळ्यातून पार पडणं अवघड आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. जगलो तर हिवाळा आहेच. जे माझ्यात जळून गेलं ते परत येणार नाही. आबा आता रोज हिमानीला फोनवर विचारून पाणी घालतात, पण त्या विचारण्याला एक अख्खा हिवाळा उशीर झाला आहे. विहिरीकडच्या रांगेतली दोन झाडं मात्र वाळून गेली. त्यांच्याबद्दल अजूनही कुणी काही बोललेलं नाही.

तुम्हाला माझ्यासारखं झाड घ्यायचं असेल तर आधी माझी झोप समजून घ्या, मगच घ्या. नाहीतर मला त्या बाटलीतच राहू द्या. आणि तुमच्या घरात कुणी मोठं माणूस चुकत असेल, मायेनं, अनुभवानं, दोन्ही हातांनी चुकत असेल, तर वाट पाहू नका. तुमचा कुर्ता मागून कुणी ओढला तरी बोला. त्याला राग येईल. येऊ द्या.

आज सकाळपासून आबा सौंसरला गेले आहेत. माझ्या ताटलीतलं पाणी तळाला लागलं आहे. हिरामण आत्ताच इथून गेला. त्यानं पाहिलं आहे.

संध्याकाळी आबा येतील, तेव्हा त्यानं सांगावं.